मूळ मालिका आधी दाखवा, मग नवी काढा

प्रति,
ओटीटी कंपन्या, दूरचित्रवाणी वाहिन्या, त्यांच्यासाठी मालिका बनवणारे निर्माते आणि लेखक,
तसेच प्रसार भारती

विषय : जुन्या विज्ञानमालिकांचे रिमेक

स. न. वि. वि.

मी नाशिकला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले काही इंजिनिअर, एक दातांचे डॉक्टर, एक निवृत्त बँक अधिकारी आणि माझे काही जुने विद्यार्थी असा आमचा एक गट आहे. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो, जुन्या विज्ञानमालिकांचे एक-दोन भाग बघतो आणि जेवणाची वेळ टळून जाईपर्यंत त्यावर वाद घालतो. पूर्वी ‘अमक्या मालिकेचा रिमेक येतोय’ अशी बातमी ग्रुपवर पडली की सगळे खूश व्हायचे. आता तशी बातमी आली की पोटात गोळा येतो. असं का होतं, ते तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

आधीच सांगते, रिमेकला आमचा सरसकट विरोध नाही. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या अमेरिकी अवकाशमालिकेचं उदाहरण घ्या. १९७८ ची मूळ मालिका एकाच सीझनमध्ये बंद पडली. २००३ मध्ये रोनाल्ड मूर यांनी ती नव्यानं मांडली तेव्हा जुने चाहते खवळले होते. स्टारबक हा सिगार ओढणारा वैमानिक नव्या मालिकेत बाई झाला, यावरून काय काय बोललं गेलं! जुन्या मालिकेत अपोलोचं काम करणारे रिचर्ड हॅच तर मूळ कथाच पुढे न्यावी म्हणून स्वतःचे पैसे घालून झटत होते. पुढे त्याच हॅच यांनी नव्या मालिकेत टॉम झॅरेकची भूमिका केली, आणि काय सुंदर केली. कारण त्या रिमेकनं जुन्या कथेतला प्रश्न उचलला आणि आणखी खोल नेला. सगळं जग बेचिराख झाल्यावर उरलेल्या मूठभर माणसांनी कसं वागायचं? ज्या यंत्रांनी आपल्याला मारलं ती आपणच घडवली असतील तर? इराकमध्ये युद्ध चालू असताना त्या मालिकेनं आत्मघाती हल्ले करणारी माणसं आपल्या बाजूची दाखवली आणि बघणाऱ्याला अस्वस्थ केलं. २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात या मालिकेवर चर्चा ठेवली गेली, ती उगीच नाही.

तेव्हा कोण कुठल्या रंगाचं, पुरुष की बाई, हा आमचा मुद्दाच नाही. चाहते म्हणवून घेत नव्या नट-नट्यांना शिव्या घालणाऱ्यांशी आमचा काही संबंध नाही, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून तुम्ही आमचं म्हणणंही झटकून टाकू नका.

आमची काळजी दुसरीच आहे. १९८३ ची ‘व्ही’ आठवा. केनेथ जॉन्सन यांची, दोन भागांची. शहरांवर प्रचंड तबकड्या येऊन थांबतात. आतून अगदी माणसांसारखे दिसणारे, गोड बोलणारे पाहुणे उतरतात. मग एकेक शास्त्रज्ञ गायब व्हायला लागतो, शेजारी शेजाऱ्याची चुगली करतो, तरुण पोरं गणवेश चढवून पाहुण्यांच्या संघटनेत भरती होतात. जॉन्सन यांना मुळात सांगायचं होतं ते अमेरिकेत हुकूमशाही कशी येईल हे, परग्रहवासी कथेत नंतर आले. त्यात एक प्रसंग आहे. काही मुलं पाहुण्यांच्या पोस्टरवर लाल रंगाचे फवारे मारत असतात. नाझींच्या छळातून वाचलेले अब्राहम नावाचे एक आजोबा तिथं येतात. मुलं दचकतात. आजोबा रागवत नाहीत. करायचंच तर नीट करा, असं म्हणून रंगाचा डबा हातात घेतात आणि पोस्टरवर भलामोठा ‘व्ही’ काढतात. व्हिक्टरीचा व्ही. जा, तुमच्या मित्रांनाही सांगा, म्हणतात. एक भिंत, एक डबा रंग आणि एक जाणता नट, एवढ्यावर तो प्रसंग उभा आहे. आमच्याकडे तो लागला की दर वेळी खोलीत कुणीतरी डोळे पुसतं.

२००९ मध्ये तिचा रिमेक आला. तबकड्या जास्त मोठ्या, काचा जास्त चकचकीत, कटकारस्थानं भरपूर. पण ‘त्या गल्लीत मी राहत असते तर मी काय केलं असतं?’ हा प्रश्न मला त्यात कुठंही टोचला नाही. दोन सीझन झाले आणि २०११ मध्ये ऐन पेचावर मालिका बंद पडली. ज्यांनी फक्त तीच पाहिली त्यांच्या लेखी ‘व्ही’ म्हणजे अर्धवट सुटलेली एक परग्रहवाल्यांची गोष्ट.

माझे वडील ओझरला एचएएलमध्ये फिटर होते, मिग विमानांवर काम करायचे. दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायचं, तेव्हा ते चहाचा कप घेऊन बसायचे आणि दर वेळी विचारायचे, एवढं मोठं यान कधी खाली का उतरत नाही? पुढे मी वाचलं की दर आठवड्याला यान उतरवून दाखवण्याइतके पैसेच त्या लोकांकडे नव्हते. म्हणून माणसांचा झोत करून त्यांना थेट ग्रहावर पाठवायची युक्ती निघाली. वडिलांना सांगितलं तर ते इतके खूश झाले! म्हणाले, जिग-फिक्श्चर (काम पक्कं धरून ठेवायचं साधन) नसलं की कारागीर डोकं लढवतो. त्या काळच्या मालिका अशाच डोकं लढवून उभ्या राहिल्या. पैसा नव्हता म्हणून सगळा भार कथेवर पडला, संवादावर पडला, आणि बघणाऱ्याच्या बुद्धीवर विश्वास ठेवावा लागला.

गेल्या वर्षी सहामाही परीक्षा आटोपल्यावर एका मोकळ्या तासाला मी वर्गात ‘स्टार ट्रेक’चा १९६९ सालचा एक भाग लावला. शेरॉन नावाच्या ग्रहावरचे दोन पुरुष यानावर येतात. दोघांचेही चेहरे नाकाच्या रेषेवर अर्धे काळे, अर्धे पांढरे रंगवलेले. मुलं आधी हसली, मेकअपच तसा आहे. त्या दोघांचा एकमेकांवर कमालीचा राग. का, ते यानाचा कॅप्टन किर्क याला कळत नाही, त्याचा सहकारी स्पॉक यालाही कळत नाही. शेवटी त्यातला एक चिडून म्हणतो, तुम्हाला दिसत नाही का, मी उजव्या बाजूनं काळा आहे आणि तो उजव्या बाजूनं पांढरा! तोवर वर्गात एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. मागच्या बाकांवरून आवाज आला, ‘मॅडम, मागे घ्या, मागे घ्या.’ मी मागे घेतलं. मुलं पुढे झुकून दोघांचे चेहरे ताडून बघायला लागली. मग कुणी हसलं नाही. भाग संपला, ते दोघे आपल्या ग्रहावर परत गेले, जिथं एकमेकांचा द्वेष करून सगळेच मरून गेले होते, आणि तिथंही एकमेकांच्या मागे धावत राहिले. पंचवटीत राहणारी एक मुलगी म्हणाली, ‘आमच्या घराजवळच्या देवळाबाहेर हेच झालं होतं ना, मॅडम?’ ती काळाराम मंदिराबद्दल बोलत होती. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथं सत्याग्रह सुरू झाला, दरवाजे बंद करून घेतले गेले, आणि तो लढा पुढे काही वर्षं चालला. इतिहासाच्या पुस्तकात तो धडा मुलांनी वाचलेला असतो. पण परक्या ग्रहाची एक गोष्ट बघताना तो आपल्या गल्लीपर्यंत येऊन भिडला.

आता हाच भाग आज नव्यानं करायला घेतला तर काय होईल, याची मला धास्ती वाटते. त्या दोघांना शिंगं येतील, कातडी उजळायला लागेल, शेरॉन ग्रह जळताना दहा मिनिटं दिसेल. आणि बघणाऱ्याला दोघांमधला फरक पहिल्याच क्षणी कळेल. तो कळू नये, सांगितल्यावरच दिसावा आणि दिसल्यावर लाज वाटावी, यातच त्या भागाचा सगळा जीव आहे. काळा-पांढरा रंग एवढ्याच सामानात जमलेली ही गोष्ट कोट्यवधी रुपये ओतून सहज बिघडवता येते.

आमच्या जुन्या नाशकात वाडे पाडून इमारती उभ्या राहतात आणि गेटवर त्याच वाड्याच्या नावाची पाटी लागते. चौक गेला, आड गेला, ओसरी गेली, नाव तेवढं राहिलं. बरेचसे रिमेक बघताना मला ती पाटी आठवते.

रॉड सर्लिंग यांनी १९५९ मध्ये ‘ट्वायलाइट झोन’ सुरू केली त्यामागचं कारण तुमच्यापैकी प्रत्येक लेखकानं समजून घ्यावं. वर्णद्वेषावर सरळ नाटक लिहिलं की जाहिरातदार त्यात काटछाट करायचे. म्हणून त्यांनी तीच गोष्ट परग्रहावर, भविष्यात, अनोळखी गल्लीत नेऊन ठेवली. १५६ भागांपैकी ९२ त्यांनी स्वतः लिहिले, आणि बहुतेक भाग तर अर्ध्या तासाच्या वेळेत बसणारे. विज्ञानकथा ही त्यांच्यासाठी बोलायची एकमेव मोकळी जागा होती. तुम्ही जेव्हा अशा मालिकेचं नाव विकत घेता तेव्हा ती जागाही घेता. तिथं उभं राहून तुम्हाला आज काय बोलायचं आहे, हे पहिल्या बैठकीत ठरत नसेल तर कृपा करून ते नाव सोडून द्या.

दुसरी काळजी मूळ मालिकांची. नवी आली की जुनी दिसेनाशी होते. ओटीटीवर नाव शोधलं की पहिल्या काही ओळींत फक्त नवी मालिका असते, आणि जुनी एके दिवशी करार संपला म्हणून गुपचूप निघून जाते. हरवलेलं सहजी परत मिळत नाही, हे आम्हा नाशिककरांना वेगळं सांगायला नको. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आमच्याकडे पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आहे, पण त्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आज पूर्ण उपलब्ध नाही. बीबीसीसारख्या संस्थेनंसुद्धा साठ-सत्तरच्या दशकात ‘डॉक्टर हू’च्या टेप पुसल्या, त्यातले नव्वदहून अधिक भाग अजून सापडलेले नाहीत. त्या सगळ्या भागांचा आवाज मात्र शिल्लक आहे. कारण त्या काळी काही प्रेक्षकांनी घरच्या टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो टिपून ठेवला होता. २०१३ मध्ये हरवलेले नऊ भाग सापडले ते नायजेरियातल्या एका टीव्ही केंद्रात. जी मालिका १९६३ पासून इंग्लंडची ओळख आहे, तिचे तुकडे असे जगभरातून गोळा करावे लागतात. २००५ मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी ती पुन्हा सुरू केली तेव्हा पाटी कोरी केली नाही. जुने सगळे डॉक्टर, म्हणजे आधीच्या नटांनी साकारलेला तो नायक, खरेच राहिले आणि नवा त्यांच्या पुढचा झाला. आमच्यासारख्यांना त्यात किती मोठा मान मिळाला, ते शब्दांत सांगता येत नाही.

आणि आता एआय. जुन्या मालिका ‘सुधारून’ दाखवताना चेहरे मेणाचे व्हायला लागले आहेत, मागच्या पाटीवरची अक्षरं वितळल्यासारखी दिसतात. २०२५ मध्ये ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती पुन्हा प्रदर्शित करताना एआय वापरून शेवटच बदलला गेला. दिग्दर्शक आनंद एल. राय यांनी जाहीर विरोध केला, तरी ती चित्रपटगृहांत लागलीच. उद्या एखाद्या जुन्या मालिकेतला करुण शेवट कुणाला विकाऊ वाटला नाही तर? हे काम सचोटीनंही करता येतं. २००६ मध्ये ‘स्टार ट्रेक’च्या मूळ भागांची प्रत स्वच्छ केली गेली, यानाची दृश्यं संगणकावर नव्यानं बनवली गेली. पण ब्ल्यू-रेवर देताना दोन्ही दिलं. जुनी दृश्यं हवीत की नवी, हे बघणाऱ्यानं बटण दाबून ठरवायचं. एवढंच आम्हाला हवं आहे. नवी मालिका ज्या दिवशी लागेल त्या दिवशी मूळ मालिका, मूळ रूपात, तिच्या शेजारी दिसली पाहिजे.

शेवटाबद्दलही एक विनंती. सुरू केलेली गोष्ट पुरी करा. १९६५ च्या ‘लॉस्ट इन स्पेस’मधलं रॉबिन्सन कुटुंब तीन सीझननंतरही घरी पोचलं नव्हतं, मालिका तशीच थांबली. २०१८ च्या रिमेकनं तीन सीझन घेतले आणि कथा शेवटाला नेली. सगळं काही मला आवडलं नाही, पण प्रेक्षकाला दिलेला शब्द पाळला याचा मी मान राखते. उलट २००७ ची ‘बायोनिक वुमन’, तीही रिमेकच, आठ भागांत गुंडाळली गेली. आठ भागांसाठी कुणाच्या लहानपणाला हात घालू नका.

प्रसार भारतीला खास लिहायचं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपण ‘वेव्हज’ हे ओटीटी सुरू केलं, दूरदर्शनचा जुना खजिना त्यावर येतोय, फार चांगली गोष्ट आहे. ‘स्पेस सिटी सिग्मा’ आणि ‘इंद्रधनुष’ यांचे सगळे भाग त्यावर नीट स्वच्छ करून, आणि मराठी सबटायटलसह मिळावेत. ‘सिग्मा’चे सेट साधे होते, झकाकू या खलनायकाचा मेकअप साधा होता. पण अवकाशात जाणारी माणसं आपल्यासारखी दिसणारी, आपल्यासारखी नावं असलेली असू शकतात, हे ओझरच्या टाउनशिपमधल्या आम्हा मुलींना कॅप्टन तारा बघून पहिल्यांदा समजलं. पुढे १९९८ मध्ये केतन मेहतांचा ‘कॅप्टन व्योम’ आला तोपर्यंत मी शिकवायला लागले होते. ‘शक्तिमान’चा चित्रपट येणार अशी घोषणा २०२२ मध्ये झाली. तो जेव्हा येईल तेव्हा येवो. पण ज्या मालिकेत प्रत्येक भागानंतर ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ सांगायला नायक थांबायचा, मुलं ‘सॉरी शक्तिमान’ म्हणायची, तिच्या नावाखाली दोन तासांची नुसती हाणामारी येऊ नये.

मराठी वाहिन्यांनी तर रिमेकच्या मागे लागायचंच कारण नाही. डिसेंबर २०२१ मध्ये आडगावला ९४ वं साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर होते. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, तरी विज्ञानकथा लिहिणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाला मराठीनं अध्यक्षपदाचा मान दिला याचा मला आजही अभिमान वाटतो. २० मे २०२५ ला ते गेले. त्यांच्या आणि त्यांच्या बरोबरीच्या कितीतरी मराठी लेखकांच्या विज्ञानकथा पडद्यावर यायची वाट बघत पडून आहेत. त्यांना हात लावा.

प्रेक्षकांच्या पत्रांनी काही होत नाही, असं कुणी म्हणेल. १९६८ मध्ये ‘स्टार ट्रेक’ बंद होणार अशी कुणकुण लागली तेव्हा प्रेक्षकांनी एवढी पत्रं पाठवली की मालिका पुढे चालू राहणार आहे, हे एनबीसी या अमेरिकी वाहिनीला टीव्हीवरून जाहीर करावं लागलं. तिसरा सीझन झाला, आणि मी वर्गात दाखवलेला तो भाग त्या तिसऱ्या सीझनमधला आहे.

आमच्याकडून जे होण्यासारखं आहे ते आम्ही करू. गटातल्या बँकवाल्या काकांकडे ‘सिग्मा’चे काही भाग व्हीएचएसवर आहेत, टीव्हीवरून उतरवून घेतलेले, मधल्या जाहिरातींसकट. नाशिकच्या पावसाळ्यांनी दोन कॅसेटना बुरशी धरली आहे, बाकीच्या चालतात, अधूनमधून चित्र सरकतं. तुमच्या संग्रहात जे भाग नसतील ते या कॅसेटवरून उतरवून घ्या, आम्हाला मोबदला नको. मराठी सबटायटलचं कामही आम्ही विनामूल्य करू, भाषा तपासायला शाळा-कॉलेजांतले शिक्षक तयार आहेत. कॅसेट मुंबईला आणून द्यायच्या की पुण्याला, आणि कुणाच्या हाती द्यायच्या, तेवढं कळवा. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही स्वतः घेऊन येतो.

कळावे,

आपली,
फिजिक्सची एक शिक्षिका
गंगापूर रोड, नाशिक